हाडन

मुरारच्या सदर बाजारात, बोळाच्या तोंडाशी आमचं दुकान.
डिसेंबरात दहापर्यंत ऊन पोचत नाही.
कात्री आधी पोटाशी धरते मी,
ऊब आली की कापडाला लावते.

पाटीवर अजून 'बगाडे अँड सन्स'.
सन्स पुण्याला गेले.
मी चेनी बदलते, शाळेच्या ब्लेझरना
वाढीची दुमड सोडते.

हाडन हा शब्द माझ्या कानावर
नावाआधीच पडला असेल.
मोहरसिंग गडरिया भिंडकडून यायचा,
खांद्यावर थान. काळं नाही, पांढरं नाही,
मेंढराच्या पाठीवर होतं तस्संच, बिनरंगाचं.
पावसात भिजलं तर दुकानभर कळप शिरायचा.
अण्णा कोपरा चुरगळून बघत,
आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडत,
"हाडन आलं गं!"

कोण घ्यायचं? फाटकावरचा गेटमन.
गजकची भट्टी विझवून
पहाटे घामेजल्या अंगानं घरी जाणारे कारागीर.
बारादरीचा चौकीदार, ज्याची जाकट
त्याच्या मुलानं घातली, आणि मग मुलाच्या मुलानं,
आणि तरी ती कुणालाच नीट बसली नाही.

हाडांत शिरणारी थंडी अडवतं, म्हणून हाडन.
सातवीच्या वहीत मी तसंच लिहिलं होतं.
बाईंनी शेजारी लाल प्रश्नचिन्ह काढलं.

अण्णा गेले. ट्रंकेच्या तळाशी पणजोबांची वही, मोडीत.
दौलतगंजातल्या सुळेमास्तरांनी
भिंगाखाली धरून अडखळत वाचली:

छावणीतला गोरा. घागरेवाला.
कोटाचं कोपर गेलेलं.
तसलं कापड नाही म्हटलं.
त्याने नाव दोनदा सांगितलं. हाडन.
गडरियाकडलं लावलं. जुळलं.
साडेतीन आणे. पैकी एक आणा येणे.

मास्तरांनी जाड कोश काढला.
हॉडन. स्कॉटलंडातलं जुनं नाव.
घरी विणलेलं, जाडंभरडं, न रंगवलेलं लोकरी कापड.
गरिबाचं.
मग चष्मा पुसत म्हणाले,
"तिकडेही आता कुणी म्हणत नसेल हो."

मी चालत परतले, पूल ओलांडून.
त्या शिपायाचं नाव वहीत नाही.
नुसतं कोपर आहे.
कुठल्याशा डोंगरावरच्या मेंढीला
भिंडची मेंढी जोडून दिली माझ्या पणजोबांनी,
आणि टाका दिसू दिला नाही.
पलटण पुढं गेली. आणा राहिला.
शब्द मात्र तो मोजून देऊन गेला, दोनदा,
म्हणजे ऐकू न आल्याची सबब नको.

काल दुकान बंद करताना एक पोरगा आला,
बँकेच्या एटीएमवरचा पहारेकरी, गणवेश दोन मापं मोठा.
"दीदी, हाडन है? पापा कहते थे, मुरार में मिलता है."

मोहरसिंगचा मुलगा आता लोडर चालवतो.
थान येऊन वीस वर्षं झाली.
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि इस्त्रीच्या फळीकडे लक्ष गेलं.
चादरीखाली तेच तर अंथरलेलं,
अण्णांच्या वेळचं, दोन ठिकाणी करपलेलं.

काढलं. झटकलं. वास अजून जिवंत.
पाठ निघेल, म्हटलं, पुढचं निघणार नाही.
"पीठ ही चाहिए," तो म्हणाला,
"काँच का दरवाज़ा बंद नहीं होता, हवा पीछे से आती है."

करपलेला भाग खांद्याखाली गेला, दिसणार नाही.
पावतीवर लिहिलं: हाडन, पाठीपुरतं.
सुट्टे नव्हते त्याच्याकडे. दहा रुपये येणे.

आज सकाळपासून इस्त्री फिरवताना
फळीच्या गाठी हाताला लागताहेत.